क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं: एका घरगुती पूलचा प्रकरण अभ्यास

पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे ४८ घनमीटर, ४८ हजार लिटर पाणी. बांधकाम पक्कं, आतून टाइल्स. ६०० मिलिमीटर व्यासाचा, वाळूतून पाणी गाळणारा सँड फिल्टर, तासाला साधारण १० घनमीटर पाणी फिरवणारा पंप, एक स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी ओढणारं भिंतीतलं तोंड), तळाशी पाणी ओढणारा मेन ड्रेन, दोन रिटर्न (गाळलेलं पाणी परत सोडणारी तोंडं), एका भिंतीत पाण्याखालचा दिवा आणि स्टीलची शिडी.

तक्रार अशी, की दोन महिन्यांत तिसऱ्यांदा शेवाळ आलं. क्रम दर वेळी तोच. आधी पायऱ्यांच्या कोपऱ्यात हात लावला की बुळबुळीत लागायचं, दोन दिवसांत पाण्याला हिरवट झाक यायची, चौथ्या दिवशी तळ दिसेनासा व्हायचा. आणि हे सगळं होत असताना तपासणीची पट्टी मात्र क्लोरीन ‘योग्य’ दाखवायची.

आतापर्यंतचे उपाय

वर्षभर पूल ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणाऱ्या, गोळ्यांवर चालला होता. २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या दर आठवड्याला तरंगत्या डब्यात. शेवाळ दिसल्यावर गोळ्या वाढवल्या. मग शेवाळनाशकाची बाटली झाली, तिने पाण्यावर फेस आला. मग कुणाच्या तरी सल्ल्याने मोरचूद. मोरचूद शेवाळ मारतं हे खरंच आहे, पण त्यातलं तांबं पाण्यातून उडून जात नाही. पीएच वाढला की ते टाइल्सच्या सांध्यांत निळसर-काळपट डाग होऊन बसतं, आणि फिक्या रंगाच्या केसांना येणारी हिरवी छटाही त्याचीच असते. शेवटी तुरटी टाकून गाळ खाली बसवला. पाणी आठवडाभर काचेसारखं दिसलं आणि पुन्हा हिरवं झालं. तुरटीने शेवाळ मरत नाही, फक्त खाली बसतं.

यातला एकही उपाय मुळाला हात घालणारा नव्हता. उलट जो उपाय सगळ्यात बिनधोक वाटत होता, गोळ्या वाढवण्याचा, त्यानेच दुखणं चिघळवलं. ते कसं, हे पहिल्या दिवसाच्या आकड्यांत दिसलं.

पहिली तपासणी

पट्टी बाजूला ठेवून थेंबांच्या किटने मोजणी केली. फ्री क्लोरीन (अजून खर्च न झालेलं) ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम. कंबाइंड क्लोरीन (मळाशी जोडलं जाऊन कमजोर झालेलं) १. पीएच ८.२, म्हणजे रंगपट्टीचं शेवटचं टोक; खरा पीएच त्याहून जास्तही असू शकतो, कारण शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि पीएच वर चढवतं. अल्कलिनिटी (पीएच सहज हलू न देण्याची पाण्याची ताकद) १२०. इथवर चक्रावून जावं असं काही नाही. ३ पीपीएम क्लोरीन असलेलं पाणी हिरवं का, हाच प्रश्न उरतो.

उत्तर सायन्युरिक ॲसिडच्या तपासणीत होतं. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. पूलचं पाणी आणि रसायन समप्रमाणात मिसळलं की पाणी दुधाळ होतं. ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत वरून हळूहळू ओतायचं आणि ठिपका कुठल्या खुणेवर दिसेनासा होतो ते पाहायचं. ही तपासणी बाहेर, उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून करावी. घरातल्या दिव्याखाली आकडा हमखास चुकतो. इथे नळी नीट भरायच्या आधीच, १०० च्या खुणेच्या खाली, ठिपका गायब झाला. अशा वेळी ‘१०० पेक्षा जास्त’ एवढं लिहून थांबू नये. अर्धं पूलचं आणि अर्धं नळाचं पाणी मिसळून तपासणी परत केली. आकडा आला ८०. दुप्पट केला, १६०.

हे १६० आलं कुठून? गोळ्यांतूनच. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन पाण्यात गेलं की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जातं. या पूलच्या मापाने २०० ग्रॅमची एक गोळी म्हणजे साधारण २.३ पीपीएम. आठवड्याला दोन गोळ्या धरल्या तर वर्षाकाठी २४० च्या घरात. बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून मळ बाहेर काढणं), बाहेर उडणारं पाणी आणि ओसंडून जाणारं पावसाचं पाणी यांतून तिसरा हिस्सा निघून गेला असं धरलं तरी १६० उरतात. क्लोरीन खर्च होतं, ॲसिड पाण्यातच राहतं.

सायन्युरिक ॲसिड वाईट नाही. ते नसेल तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडून जातं. ते क्लोरीनला धरून ठेवतं, म्हणून ऊन त्याला खात नाही; पण धरून ठेवलेलं क्लोरीन शेवाळावरही धावून जात नाही. किटचा थेंब मात्र धरलेलं आणि मोकळं दोन्ही एकत्रच मोजतो. म्हणून ‘१ ते ३ पीपीएम असावं’ हा पट्टीवरचा सल्ला एकट्याने निरर्थक आहे. व्यवहारात चालणारा हिशेब असा: रोजचं फ्री क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या किमान साडेसात टक्के हवं, आणि माजलेलं शेवाळ मारायला सुमारे ४० टक्के. १६० वर रोजची किमान पातळी १२ होते. पूलमध्ये होतं ३. आणि मारक पातळी ६४! एवढं क्लोरीन टिकवून धरणं कुणाला झेपणारं नाही. आधी पाणी बदलणं भाग होतं.

पाणी किती आणि कसं काढायचं

सायन्युरिक ॲसिड फिल्टरने अडत नाही, उन्हाने जात नाही. नेहमीच्या घरगुती साधनांत पाणी बदलणं हाच भरवशाचा मार्ग. १६० वरून ४० वर यायचं तर तीन चतुर्थांश पाणी नवीन हवं. एकदम ३६ घनमीटर काढलं तर हिशेब सोपा, पाणीही कमी लागतं. पण रिकाम्या पूलला खालच्या भूजलाचा दाब वर ढकलतो. ओल्या जमिनीत त्याने तळ तडकतो, फायबरग्लासचं भांडं तर जागचं उचललं जातं. म्हणून इथे निम्मं पाणी दोनदा काढलं. लागलं ४८ घनमीटर, पण अर्धा पूल कायम भरलेला राहिला. जमिनीतलं पाणी फार वर असेल तर चौथा हिस्सा पाच वेळा काढावा. तेव्हा ६० घनमीटर लागतं.

काढण्याआधी जाळीने पानं उपसली, भिंती मेन ड्रेनच्या दिशेने घासल्या आणि पंप थांबवून गाळ रात्रभर बसू दिला. सकाळी मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरची, पाण्याची वाट बदलणारी झडप) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी फिल्टर टाळून थेट बाहेर सोडणाऱ्या खुणेवर, ठेवून तळ व्हॅक्यूम केला. गाळ फिल्टरमधून न्यायचा नाही: शेवाळाची बारीक भुकटी वाळूतून आरपार निघून रिटर्नमधून परत येते, आणि व्हॅक्यूम करणारा माणूस मागे वळून पाहतो तर पाण्यात हिरवा धूर. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाखाली जायच्या आत स्किमरची लाइन बंद करून मेन ड्रेन पूर्ण उघडला. हे विसरलं की पंप हवा ओढतो, कोरडा चालतो आणि सील जळतं.

निम्मं पाणी सुमारे अडीच तासांत गेलं. नळीने भरायला पूर्ण दिवस लागला. भरल्यावर लगेच दुसऱ्यांदा काढलं नाही. आधी सहा तास पंप चालवला, कारण नवं पाणी मिसळलंच नसेल तर काढलेल्या निम्म्यात नवंच जास्त जातं. दुसऱ्या भरणीनंतर ठिपका ४० आणि ५० च्या मध्ये कुठेतरी नाहीसा झाला. अशा वेळी वरचा आकडा धरावा. ५० धरला, म्हणजे मारक पातळी २०. जुन्या मोरचुदाचाही मोठा भाग या पाण्याबरोबर गेला; सांध्यांतले डाग मात्र राहिले.

पीएच आधी, क्लोरीन नंतर

नव्या पाण्याचा पीएच ७.९, अल्कलिनिटी १००. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की पीएचच्या तपासणीतलं रंग बदलणारं रसायन, फिनॉल रेड, खोटा जास्त आकडा दाखवतो आणि माणूस विनाकारण ॲसिड ओतत सुटतो. म्हणून पीएच आधीच ७.३ वर आणला. ३० टक्क्यांच्या वरचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा लिटर, पंप चालू असताना, रिटर्नसमोर बारीक धारेने. तासाने तपासून आणखी अर्धा लिटर. पातळ करायचं असेल तर बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, कधीच उलट नाही. ॲसिडचं माप हायपोक्लोराइटला (पुढे वापरलेलं द्रव क्लोरीन) वापरू नये आणि दोन्ही कॅन शेजारीशेजारी ठेवू नयेत: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. उरलेल्या ट्रायक्लोरच्या गोळ्याही वेगळ्या, कोरड्या जागी गेल्या. त्यांची भुकटी कॅल्शियम हायपोक्लोराइटला (क्लोरीन देणारी दुसरी पूड) लागली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो.

कॅनवर १०, आत ७

मारा करायला द्रव सोडियम हायपोक्लोराइट निवडलं. त्याने सायन्युरिक ॲसिड वाढत नाही, कॅल्शियमही वाढत नाही. त्याचा एकच दोष, ते कॅनमध्येच म्हातारं होतं, आणि उन्हात ठेवलेलं तर फार लवकर. त्यामुळे लेबलवरच्या ‘१० टक्के’वर विसंबण्याआधी जोर तपासून घेतला. बादलीत १० लिटर स्वच्छ पाणी, त्यात सुईविना सिरिंजने मोजून १ मिलिलिटर हायपोक्लोराइट, ढवळायचं आणि फ्री क्लोरीन मोजायचं. लेबल खरं असेल तर १० पीपीएम यायला हवं. आलं ७. म्हणजे कॅनमध्ये ७ टक्केच उरलेलं.

हा फरक छोटा नाही. ४८ हजार लिटरला २० पीपीएम म्हणजे ९६० ग्रॅम क्लोरीन. दहा टक्क्यांच्या मालाने ९.६ लिटर लागले असते, या मालाने १३.७. दर १ पीपीएमला जवळपास ७०० मिलिलिटर. लेबलवर विश्वास ठेवून ओतलं असतं तर पातळी १४ च्या वर गेली नसती, आणि ‘एवढं ओतलं तरी जात नाही’ अशी चौथी तक्रार आली असती.

मोजायला एफएएस-डीपीडीचं थेंबांचं किट घेतलं. १० मिलिलिटर पाण्यात पूड टाकली की गुलाबी रंग येतो, मग रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे, दर थेंबाला अर्धा पीपीएम. रंगाशी रंग जुळवण्याच्या साध्या डीपीडी तपासणीत इतक्या क्लोरीनला गुलाबी रंगच पांढरा पडतो. नळी स्वच्छ दिसते आणि वाटतं क्लोरीन शून्य. पिवळा रंग देणारं ओटीओ किट तर फक्त एकूण क्लोरीन सांगतं, फ्री किती ते कळतच नाही.

सहा दिवस

सूर्य मावळल्यावर भिंती, पायऱ्या, सांधे घासून १३.७ लिटर टाकले. घासणं आधी, कारण शेवाळाच्या थरावरचा चिकट पापुद्रा फुटल्याशिवाय क्लोरीन आतल्या पेशींपर्यंत पोचत नाही. एका तासाने १३ पीपीएम. ४.८ लिटर घातले. रात्री अकराला १६, आणखी २.८ लिटर, परत २०. पहाटे सहाला ९. रात्री ऊन नव्हतं, म्हणजे ही ११ पीपीएमची घट पूर्णपणे शेवाळ आणि त्याच्या मळाने खाल्लेली. सकाळी पुन्हा २० वर आणलं.

इथे बहुतेक जण चुकतात. एकदा भरपूर टाकून दोन दिवस वाट पाहतात. क्लोरीन रात्रीतून संपतं, वाचलेलं शेवाळ दुपारपर्यंत उभारी धरतं आणि सगळं ओतलेलं वाया जातं. पहिले दोन दिवस जमेल तेवढ्या वेळा, निदान तीन-चार तासांनी, मोजून परत २० वर नेणं हाच खरा उपचार. पहिल्या दोन दिवसांत या पूलने सुमारे ३७ लिटर पिऊन टाकले, पुढच्या चार दिवसांत मिळून पंधराच्या आसपास. (तिसऱ्या दिवशी आलेला नवा माल बादलीच्या तपासणीत ९.५ टक्के निघाला, त्यामुळे दर पीपीएमचं माप ७०० वरून ५०० मिलिलिटरवर आणलं. न मोजता ओतत राहिलो असतो तर पातळी भलतीकडे गेली असती.)

पंप चोवीस तास चालू. स्वच्छ फिल्टरचा दाब ०.८ बार होता, १.२ झाला की बॅकवॉश. दुसऱ्या दिवशी चार वेळा करावा लागला. पंप बंद, मग मल्टिपोर्टची दांडी फिरवायची, मग पंप चालू. चालू पंपावर दांडी फिरवली की आतलं गॅस्केट उखडतं आणि पुढे पाणी कायम थोडंथोडं वेस्टला जात राहतं. व्हॉल्व्हवरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं बॅकवॉश, मग अर्धा मिनिट रिन्स (नेहमीच्या दिशेने पाणी सोडून वाळू बसवणं). दाब चढायच्या आधी उगाच बॅकवॉश करू नये. वाळूत थोडा मळ साठला की ती जास्त बारीक गाळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, दुधाळ झालं. मेलेलं शेवाळ असंच दिसतं. तुरटी टाकायचा मोह इथेच होतो. टाकली नाही. तुरटी बसवायची तर पंप बंद ठेवावा लागतो आणि क्लोरीन फिरायचं थांबतं. शिवाय ती फिल्टरमध्ये गेली तर वाळूच्या गुठळ्या होतात. तिसऱ्या संध्याकाळी तळाच्या टाइल्सचे सांधे मोजता येत होते.

आकडा अडला

आता पाणी स्वच्छ होतं. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली असती तर काम इथेच संपलं असतं. रात्रीची घट मात्र वेगळं सांगत होती. पहिली रात्र ११, दुसरी ५, तिसरी ३.५, आणि चौथी पुन्हा ३.५. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त क्लोरीन जात असेल तर ते खाणारं काहीतरी पाण्यात जिवंत आहे. घट हळूहळू कमी होत असेल तर धीर धरावा. दोन रात्री एकाच जागी अडली तर पाणी जिथे फिरत नाही अशी जागा शोधावी.

शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू आणि खाचा तपासल्या. थोडी बुळबुळ, घासली. स्किमरच्या झडपेच्या मागे हिरवी रेघ होती, तीही काढली. मग दिवा. ब्रेकर बंद करून वरचा एकमेव स्क्रू सोडला आणि मागच्या केबलच्या वेटोळ्यासकट दिवा कठड्यावर उचलून ठेवला. मागच्या खोबणीत भिंतीला आणि केबलवर गडद हिरवा, बोटाने खरवडून निघेल असा लेप. त्या खोबणीतलं पाणी जवळपास हलतच नाही, त्यामुळे बाहेर २० पीपीएम असताना आत क्लोरीन नावापुरतं पोचत होतं. तीन वेळा पाणी ‘साफ’ होऊन परत बिघडलं त्याला बीज बहुधा इथूनच मिळत होतं. क्लोरीनचं गणित बिघडलेलं असल्यामुळे ते बीज दर वेळी माजत होतं.

खोबण ब्रशने घासली, रिटर्नचं तोंड दोन दिवस तिच्याकडे वळवून ठेवलं आणि दिवा तोवर बाहेरच राहू दिला. पाचव्या रात्री घट १.५. सहाव्या रात्री २० वरून १९.५, म्हणजे अर्धा. कंबाइंड क्लोरीन ०.५. पाणी स्वच्छ. तिन्ही जुळले तेव्हाच मारा थांबवला.

त्यानंतर

क्लोरीन आपोआप उतरू दिलं. १० च्या खाली आल्यावर पीएच मोजला, ७.५ होता. बॅकवॉश एकूण अकरा झाले, प्रत्येकात साधारण ५०० लिटर पाणी बदललं, त्यामुळे सायन्युरिक ॲसिडही ४० च्या जरा वर उतरलं होतं. त्या हिशेबाने रोजची किमान पातळी ३ च्या थोडी वर. लक्ष्य ५ ते ६ ठेवलं, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी तळ गाठत नाही. ऊन असलेल्या दिवशी दोन-तीन पीपीएम जातात, ते रोज संध्याकाळी लिटर-दीड लिटर ताज्या हायपोक्लोराइटने भरून काढायचे. पंप दिवसाला आठ तास.

ट्रायक्लोरच्या गोळ्या फेकल्या नाहीत. घर बंद ठेवून बाहेर जायचं असेल तर त्या सोयीच्या आहेत. फक्त डब्याच्या झाकणावर पेनने लिहून ठेवलं: एक गोळी, २.३ पीपीएम सायन्युरिक. महिन्यातून एकदा ठिपक्याची तपासणी, आणि आकडा ६० ला पोचला की चौथा हिस्सा पाणी बदलायचं. दिवा वर्षातून दोनदा उचलून मागे ब्रश फिरवायचा. फॉस्फेट काढणाऱ्या रसायनाची चौकशी झाली होती, ते घेतलं नाही. फॉस्फेट शेवाळाचं खाद्य आहे खरं, पण क्लोरीन योग्य प्रमाणात असेल तर खायला शेवाळच उरत नाही.

सांध्यांतल्या तांब्याच्या डागांवर वेगळं काम करायचं आहे. क्लोरीन चढलेलं असताना ॲस्कॉर्बिक ॲसिडने डाग काढायला गेलं की दोन्ही एकमेकांना खातात आणि डाग तसाच राहतो, म्हणून ते या सहा दिवसांत मुद्दाम टाळलं.